पुस्तकात असं नाही

"असं नाही आहे हे," सुभद्राबाई म्हणाल्या आणि रिमोट उचलून त्यांनी सिनेमा थांबवला.

पडद्यावर नावाडी ओर्डन कमरेपर्यंत काळ्या पाण्यात होता. महासर्पाचा विळखा त्याच्या छातीपर्यंत आला होता.

त्यांची मुलगी दामिनी दिवाणावर शेजारी बसली होती. बाबांच्या तेरवीचे पाहुणे गेले होते, आणि दुपारी आईच म्हणाली होती, "लाव वं तो तुझ्या बाबाचा सिनेमा." बाबांची आवडती जाडजूड इंग्रजी कादंबरी, तिच्यावरचा सिनेमा एकदाचा आला होता, तोही हिंदीत बोलणारा. बाबा तेवढे नव्हते.

आईची कुरकुर पहिल्यापासून चालू होती. राणीचा घोडा काळा पाहिजे, हा पांढरा काहून? चेटकीण भिवापुरी मिरचीची धुनी देते अन् सर्प शिंकत पळते, ते कुठं गेलं? ओर्डनची बायको एवढी वाळकी कशी? "चांगली भरलेली होती. भाकर थापताना बांगड्या वाजत तिच्या. ज्याले पुस्तक वाचाचंच नाही, त्यानं सिनेमा काहून काढाचा?"

दामिनीला हसू येत होतं. कादंबरीत मिरची नव्हती, भाकरही नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यांवर पट्टी होती, तेव्हा बाबांनी ती वाचून दाखवली होती. इंग्रजीवरून थेट घरच्या बोलीत, पदरचं थोडं घालून. एवढं तिला ठाऊक होतं.

"मग पुस्तकात कसं आहे?" तिने विचारलं.

"कसं म्हणजे? तू वाचलं ना? ओर्डन मरते काय?"

ओर्डन मरतो. दामिनीने ते दोनदा वाचलं होतं. एवढंच नाही, ते पान वाचून झाल्यावर बाबांनी तिला पुण्याला फोन केला होता. "ओर्डन गेला वं," ते म्हणाले होते, "मले आज जेवण नाही गेलं."

"बुडतो ना तो," ती जपून म्हणाली.

"बुडते. पण वापस येते. हे लोकं तं मारूनच टाकून राहिले त्याले." आईने पडद्याकडे हात केला. "आण ते पुस्तक. मी काय खोटं बोलून राहिली?"

बाबांच्या उशाजवळच्या फळीवर पुस्तक होतं. दामिनीने शेवटून दुसरं प्रकरण काढलं. नदी ओर्डनवर मिटली. त्याच्या बायकोने, लिराने, काठावर दिवा ठेवला आणि ती घरात गेली नाही. पुढे राज्याभिषेक होता, शेवटी नकाशा. ओर्डनचं नाव पुन्हा कुठेच नव्हतं. तिने पानं मागेपुढे केली. आपणच काही विसरलो का? पण फोनवरचा तो आवाज खरा होता. मग बाबांनी हे कधी ठरवलं? फोन ठेवल्यावर, की वाचता वाचता, पट्टीखालचा आईचा चेहरा बघून? आणि तिला का नाही सांगितलं?

"कूलर बंद कर," आई म्हणाली. ती आडवी झाली होती. डोळे मिटलेले होते.

"उकडेल ना आई."

"कर बंद. ऐकू नाही येत त्याच्यात."

कूलर थांबला आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. दामिनीने पुस्तक मांडीवर घेतलं. छापलेलं ते वाक्य तिच्या समोर होतं. ते मोठ्याने वाचायला किती वेळ लागणार होता?

"मग दुसऱ्या दिवशी," तिने सुरुवात केली, "ओर्डन राजवाड्याच्या दारात येऊन उभा राहतो..."

"राजवाड्यात काय काम त्याचं?" आई डोळे न उघडता म्हणाली. "मनचं नको सांगू. जे लिहिलं आहे ते वाच."

घामाने पुस्तकाची कड ओली झाली होती.

"जुनं इंग्रजी आहे आई. मला लवकर लागत नाही. तू सांगत जा, मी बघते कुठे आहे ते."

"एवढी शिकली, अन् लागत नाही," आई म्हणाली. मग तिने सांगायला घेतलं. "सकाळी येते तो. कपडे ओले, एका पायात चप्पल नाही. दारातूनच विचारते, चहा झाला काय? बायको म्हणते, रातभर कुठं होते? तो म्हणते, पाणी लय होतं वं, थांबलो पलीकडं." ती थांबली. दामिनी वाट बघत राहिली.

"पान पलटव ना," आई म्हणाली.

"काय?"

"तुझे बाबा इथं पान पलटवत. मले दिसत नव्हतं, पण आवाज येत होता."

दामिनीने पान उलटलं. आई पुढे सांगू लागली. ओर्डनने चहा घेतला. सर्पाचे दात किती मोठे होते ते हात पसरून दाखवलं. बायको म्हणाली, हात खाली घ्या, चहा सांडते. मग अंगणात नाव पालथी घातली आणि भेगांमध्ये डांबर भरलं. आईचा आवाज संथ झाला होता. मध्येच ती थांबायची, पान उलटल्याचा आवाज आला की पुढे जायची. राज्याभिषेक सरला. नकाशा सरला. मग कोरा कागद आला, आणि त्याच्यामागे नुसता पुठ्ठा.

"डांबर वाळेपर्यंत दोघंही बसले अंगणातच," आई सांगत होती. "मंग तो म्हणते, चाल, तुले पलीकडं नेऊन आणतो. काय आहे पलीकडं ते तं पाह्य." ती थांबली. "पलटव."

दामिनीने आवाज न करता पुस्तक मिटलं, पुन्हा पहिल्यापासून उघडलं, आणि आईला ऐकू जाईल असं पान उलटलं.