कोठीतलं अस्सल तेवढं

“इंग्रजांनी बांधली तशीच्या तशी उभी आहे हो आमची कोठी,” कुंदाताईंनी वारसा समितीच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. तेवढ्यात फॉल्स सीलिंगचा एक तुकडा सुटला आणि साहेबांच्या खांद्यावर येऊन बसला.

साहेबांनी तो झटकला. सदर भागातल्या जुन्या इंग्रजी रस्त्यावरची ही कोठी वारसा यादीत गेली तर वाचणार, नाहीतर पाडून तिथे पार्किंग होणार. म्हणजे कुंदाताईंचं ब्लाउज शिवायचं दुकान गेलं, शेजारच्या प्रतिमाचं बांगड्यांचंही गेलं.

साहेब फिरून बघू लागले. कमानींत शटरं बसली होती. सागवानी खिडक्या जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या होत्या. छपरावर निळा पत्रा होता. मेमसाहेब ज्यावरून उतरायच्या तो जिना एटीएमसाठी तोडला होता.

“ओरिजिनल क्या बचा है, दीदी?”

कुंदाताईंनी कोठीभर नजर फिरवली. मग एकदम आठवलं. त्या साहेबांना मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

“हा संडास. याला आजवर कोणी हात नाही लावला. आम्ही सगळ्या दुकानवाल्या इथंच येतो.”

साहेबांनी कौलं पाहिली, विटांवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. “अद्भुत!”

महिन्याभरात कोठी यादीत आली. प्रतिमाने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी संडासाला लोखंडी जाळी लागली, कुलूप लागलं आणि वर पितळी फलक.

फलकाच्या अनावरणाला साहेब पाहुणे घेऊन आले, तेव्हा कुंदाताईंनी त्यांना अंगणातच अडवलं.

“कुलूप काहून लावलं, साहेब? बायांनी जायचं कुठे?”

“दीदी, धरोहर है. इस्तेमाल करेंगे तो खराब हो जाएगी.”

“वापरूनच टिकला ना तो इतकी वर्षं! लोकं इथं जिना तोडून राहिले होते, खिडक्या विकून राहिले होते, तेव्हा कुठे होते तुम्ही? तिथं कुलूप नाही सुचलं कोणाला. आमच्या संडासालाच बरं सुचलं!”

“दिखाया तो आपने ही था,” साहेब म्हणाले आणि फोटोसाठी जरा उजवीकडे सरकले.

प्रतिमाने कुंदाताईंचा हात धरला. “चला वो ताई. दुकान तर वाचलं ना.”

त्या रस्त्यावर बायांसाठी दुसरा संडास नाही. पुरुष पूर्वीसारखेच कोठीच्या भिंतीवरच उरकतात.