विचका

होणाऱ्या नवऱ्याने आवर्जून बघायला सांगितलेली ॲनिमे मालिका संपवून ती प्रेक्षकांची मतं वाचत बसली. कुणीतरी टोपणनावाने तावातावाने लिहिलं होतं, 'मूळ कादंबरीत राजपुत्र राजकन्येला जन्मभर मनोऱ्यात जपतो. मालिकेत तिच्या हाती किल्ली देऊन सगळ्याचा विचका केलाय!'

तिला राहवेना. तिनेही टोपणनावानेच ठणकावलं, 'माणूस आहे ती, तिजोरीतला दागिना नव्हे.'

रविवारी तो तिला नवं घर दाखवायला घेऊन गेला. आत शिरताच त्याने दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दाराला आतून मूठच नव्हती. तिच्या जागी बुजवलेली चार भोकं होती.

"अरे, हे आतून उघडायचं कसं?"

तो लाडाने हसला. "वेडाबाई, तिजोरी कधी आतून उघडते का?"