ब्रह्मकमळाची पानं कोण नेतं?

अंगणातल्या अगेव्हचं, म्हणजे घायपाताचं, पिल्लू गेलं होतं. काल संध्याकाळपर्यंत आईच्या पायाशी बसलेलं, आज तिथे नुसती मोकळी जागा. वरून खडीसुद्धा नीट पसरून ठेवलेली.

"चोर भलताच टापटिपीचा आहे," मिलिंद म्हणाला.

शुभदा पाईपची गुंडाळी सोडवत होती. "तुम्ही चहा घेतलात का?"

"अगं, मी काय बोलतोय?"

"ऐकलं. एक पिल्लू गेलं म्हणून अगेव्ह मरत नाही."

एकच असतं तर मिलिंदनं सोडून दिलंही असतं. पण आधी ब्रह्मकमळाची पानं गेली, मग जेड प्लांटच्या फांद्या, मग कोरफडीची दोन बाळं. बरं, अख्खं झाड कोणी नेत नव्हतं. पान मातीत खोचलं की नवं रोप होतं, हे ज्याला ठाऊक आहे असंच कोणीतरी नेत होतं.

कॅनडाच्या पूर्वेकडच्या ब्रॉसार्डच्या बर्फाला आणि स्वतःच्या गुडघ्यांना कंटाळून त्यानं लवकर रिटायरमेंट घेतली आणि थेट पश्चिमेकडचं ओसूयूस गाव गाठलं. कॅनडात असूनही इथे वाळू, सेजब्रशची खुरटी झुडपं आणि डोकं तापवणारं ऊन. घर त्यानं इंटरनेटवर बघून ठरवूनही टाकलं. शुभदाची लायब्ररीतली नोकरी सुटली, भिशीच्या मैत्रिणी सुटल्या. पहिला अख्खा हिवाळा ती जवळजवळ बोललीच नाही. मग तिनं अंगणात निवडुंग लावले, सनरूममध्ये जास्वंद, अळू आणि केळ लावली, आणि हळूहळू घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. बाग गेली तर ती परत तशीच मुकी होईल, या विचारानं मिलिंद रोज सकाळी उठून झाडं मोजायचा.

संशयित म्हणाल तर एकच. शेजारची क्लॅरिसा लोपीस, मूळची वसईची, नवरा गेल्यावर एकटी राहणारी. पांढरी व्हॅन, मोठं हसू. अख्ख्या गावात मराठी बोलणारी तेवढी एकच, म्हणून शुभदाशी तिची गट्टी. दर मंगळवारी ती शुभदाला जवळच्या ऑलिव्हर गावातल्या चर्च हॉलमध्ये गोधड्या शिवायला न्यायची. मिलिंदनं परवानगी दिली होती. गाडीची किल्ली तो शुभदाला देत नसे, उन्हात तिला भोवळ येते म्हणून.

त्यानं कुंपणावर कॅमेरा बांधला, लोक हरणं टिपायला लावतात तसला. आठवडाभरानं चित्रं पाहिली. एक ससा, लावे पक्षी आणि शुभदा, पाईप घेऊन, रोजच्यासारखी. बाकी चिटपाखरू नाही. आणि तरी कोरफडीचं तिसरं बाळ गायब.

"तिला कॅमेरा माहीत असणार," तो म्हणाला. "तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"मग तिला कसं कळलं?"

"अहो, जेवायला चला," शुभदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लॅरिसा व्हॅन धूत होती. मिलिंद सहज आल्यासारखा कुंपणाशी गेला.

"काय क्लॅरिसाबाई, बागकाम वगैरे?"

"माझ्या हाताला कुठं काय जगतं, मिलिंदभाऊ. मिरची लावली ती पण मेली."

"मग व्हॅनमध्ये एवढी माती कसली?"

तिनं मागचं दार हळूच लोटून घेतलं. "चर्चची कामं असतात ना," ती म्हणाली आणि पुन्हा पाईप उचलला.

झालं. मिलिंदची खात्रीच पटली.

मंगळवारी दोघी निघून गेल्या आणि तो सनरूममध्ये डोकावला. जास्वंदीची कुंडी जागेवर नव्हती. लाल जास्वंद, शुभदाची सगळ्यात लाडकी. आता अख्ख्या कुंड्याच जायला लागल्या म्हणजे हद्दच झाली. त्यानं गाडी काढली आणि ऑलिव्हरचा रस्ता धरला.

चर्च हॉलला कुलूप होतं. व्हॅन सापडली ती दोन गल्ल्या पलीकडे, एका जुन्या दुमजली अपार्टमेंटसमोर. मिलिंदनं मान वर केली आणि बघतच राहिला. वरच्या मजल्याची बाल्कनी उन्हात गच्च भरली होती. जेड, कोरफड, अगेव्हची पिल्लं. ब्रह्मकमळ तर चांगलं हातभर वाढलेलं. कठड्याला टेकून लाल जास्वंद उभी होती.

त्याला राग आला, पण रागापेक्षा आनंद जास्त झाला. बिचारी शुभदा कुठेतरी या बाईची वाट बघत ताटकळली असेल. आज तिची सगळी बाग तिला परत मिळणार होती, आणि ती कोणी शोधून आणली हेही तिला कळणार होतं. क्लॅरिसाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत तो जिना चढला. गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

त्यानं बेल दाबली.

दार शुभदानं उघडलं. हात मातीनं भरलेले, चेहरा शांत. तिच्या मागे खोलीत एका माणसापुरती गादी घातलेली होती, आणि कोनाड्यात तिच्या माहेरची अन्नपूर्णा मांडलेली होती, ताज्या जास्वंदीसकट. स्वयंपाकघरातून क्लॅरिसानं कोण आलंय म्हणून विचारलं.

दारात उभं राहिलं की करतात तसा मिलिंद सवयीनं बूट काढायला वाकला.

"राहू द्या," शुभदा म्हणाली. "तुम्हाला आत यायचं नाहीये."