कपाळावरची पट्टी

कोर्टाच्या व्हरांड्यात चिंधा उभा दिसला, तेव्हा रतिलालच्या तोंडातलं पान कडू झालं.

चिंधा त्याच्याच कापसाच्या जिनिंगमधला हमाल. इंदिराबाईनं जामीनकीच्या कागदावर सही केली तेव्हा तो दारातच होता. "नुसती साक्षीदार म्हणून सही करा, वहिनी," हे रतिलालचे शब्द त्यानं ऐकले होते. आज तेच तो साहेबांपुढे बोलला, तर जामीनकी तिथंच मोडणार होती आणि बाईचं धुळ्यातल्या पाचव्या गल्लीतलं घर वाचणार होतं.

रतिलालला ते घर हवं होतं असं नाही. तिच्याकडे ते नको होतं, एवढंच.

तिचा नवरा जीवराम कापूस बाजारात पारखी होता. एकदा भर बाजारात त्यानं रतिलालच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला, आतला कापूस बाहेर काढला आणि मुठीत पिळून दाखवला. वजन वाढवायला मारलेलं पाणी ठिबकलं. गाडीवाले हसले. ते हसू रतिलालच्या कानातून कधी गेलंच नाही. वर्ष उलटायच्या आत जीवरामवर लाच खाल्ल्याचा आळ आला आणि नोकरी गेली. आळ मागे घ्या म्हणून तो रतिलालच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा रतिलाल सुपारी कातरत म्हणाला होता, "हंगाम उरकू द्या, मग बघू." हंगाम उरकला. जीवराम त्याआधीच झुरून गेला. मागे उरली बायको, तान्ही लेक आणि घर.

पुढचं सोपं होतं. पारोळ्याचा निंबा हा रतिलालचा मेहुणा, सावकारी करायचा. त्याच्याकडून रतिलालनं नव्या यंत्रासाठी चार हजार घेतले. जिनिंग गहाण लिहून दिली, वर जामीनदार द्यायचा ठरला. कर्ज थकलं, तर निंबा काही सख्ख्या बहिणीच्या संसारावर जप्ती आणणार नव्हता. तो जामीनदाराला धरणार.

अडचण एकच होती. इंदिराबाई शिकलेली होती, वाचल्याशिवाय कशावर सही करणारी नव्हती. म्हणून रतिलाल तो कागद खिशात घालून संधीची वाट बघत हिंडायचा. निंबाशी त्याबद्दल बोलायचा, तेही हमालांदेखत. एका दुपारी गाठी रचता रचता चिंधाच म्हणाला, "भाऊ, जीवरामभाऊनी पोरले भलता ताप शे. बाईले कशानी सुध नही."

रतिलाल चिंधाला घेऊन तसाच उठला. लेक मांडीवर होती, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी. पट्टीचं लोंबतं टोक ती तोंडात घालून चोखत होती. ताप आपल्याला लागायला नको म्हणून रतिलाल लांबच टेकला. दौत आत आहे, असं म्हणून इंदिराबाई लेकीला खांद्यावर टाकून कागदासकट आत गेली. ती येईपर्यंत रतिलालनं जीवरामच्या तसबिरीला हात जोडून घेतले. बाहेर येऊन तिनं कागद दिला आणि लगेच पट्टी भिजवायला बसली.

पुढे रतिलालनं कर्ज मुद्दाम थकवलं, निंबानं बाईवर दावा लावला, आणि आता पुकारा झाला. रतिलालनं शपथेवर सांगितलं की कर्ज खरं आहे, बाईंना कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला आहे. तिच्या वकिलानं उलट फारसं काही विचारलं नाही. गहाणात जिनिंगची जागा, यंत्रं सगळं आलं ना, एवढंच. रतिलालनं आणि त्याच्यामागून निंबानंही ठासून होय म्हटलं. गहाण भक्कम दिसलं म्हणजे कर्जही भक्कम दिसतं.

मग इंदिराबाई उभी राहिली. रतिलालची नजर चिंधावर होती. साहेबांनी विचारलं, "बाई, फसवून सही घेतली असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही साहेब. मला सगळं ठाऊक होतं. जामीनकी कबूल आहे."

चिंधाला कोणी बोलावलंच नाही.

बाहेर आल्यावर रतिलालनं नवं पान तोंडात टाकलं. "वहिनी, जीवराम असता तर त्यानं तुम्हाला इतकं भोळं राहू दिलं नसतं," असं तो म्हणाला. इंदिराबाई पायऱ्यांकडे बघत होती. पायरीवर तिचा भाऊ तोताराम, रावेरचा केळीवाला, निंबाच्या हातात नोटांची पुडकी देत होता. मुद्दल आणि व्याजही. निंबानं ती दोनदा मोजली आणि मेहुण्याकडे न बघता गहाणखत वकिलाच्या हातात दिलं.

रतिलालला काही उमजेना. वकिलानंच सांगितलं, "जामीनदारानं कर्ज फेडलं की सावकाराचे हक्क त्याच्याकडे येतात. गहाणसुद्धा. तुमची जिनिंग आता बाईंकडे गहाण आहे. आठवड्यात पैसे आले नाहीत तर लिलावाचा दावा लावू."

कापूस बाजारात यायला लागला होता. रतिलालचा पैसा न् पैसा खरेदीत अडकला होता. पान थुंकायलाही त्याला सुचेना. "वहिनी, हंगाम उरकू द्या," तो म्हणाला.

"हेच तुम्ही ह्यांना म्हणाला होतात."

"पण न वाचता सही केलीत तुम्ही. पोरगी तापानं फणफणली होती, मी डोळ्यांनी बघितलं."

इंदिराबाईनं लेकीला चिंधाच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"चिंधाला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं, रतिलालभाऊ. पोरीला ताप नव्हता."