भिंतीवरचं वाक्य

"'टाळता येण्याजोगी' हा शब्दच काढून टाकू या," वकील म्हणाले, आणि समिती पुन्हा मूळ पदावर आली. सकाळपासून हेच गुऱ्हाळ चाललं होतं.

नवजात बाळाच्या मेंदूला झालेली कोणती इजा 'टाळता येण्याजोगी' म्हणायची, हे एका वाक्यात बसवायचं होतं. वाक्य प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर लटकलं होतं: 'धोक्याची सूचना मिळूनही वेळेत उपाय न केल्यामुळे झालेली इजा.' आता घोडं 'सूचना मिळूनही'पाशी अडलं होतं. सूचना मिळाली म्हणायचं तरी कधी? मशीन वाजलं तेव्हा, की कुणी ते मनावर घेतलं तेव्हा?

टेबलाच्या टोकाला पालकांच्या वतीनं आलेली बाई बसली होती. सगळे तिला ताई म्हणत. मानानं म्हणत, पण विचारत काहीच नसत. तिचा लेक सहा वर्षांचा झाला तरी अजून मान धरत नव्हता. त्याला भरवायला नणंदेला बसवून ती आली होती. नणंदेच्या हातचं खाताना त्याला ठसका लागतो, म्हणून तिचा अर्धा जीव घरीच होता. सासू अजूनही तिच्याच पोटाला बोल लावायची. हे नशिबानं झालेलं नाही, एवढं कुणीतरी एकदा कागदावर लिहून द्यावं, इतकंच तिला हवं होतं.

प्रोजेक्टर टीं टीं करायला लागला. अध्यक्ष असलेले डॉक्टर बोलता बोलताच उठले, न बघता बटण दाबून त्याला गप्प केलं आणि पुढे बोलत राहिले. माणूस सज्जन होता, पण पार थकलेला. असली मशीनं वॉर्डात दिवसभर कोकलतच असतात, ते सांगत होते, दर वेळी धावायचं म्हटलं तर कामं व्हायची कशी? मेट्रनबाईंनीही मान डोलावली. ताईनं हात वर केला होता, तो कुणाला दिसला नाही.

थोड्या वेळानं जळका वास सुटला आणि भिंतीवरचं वाक्य विझलं.

"आता याला एकाएकी काय झालं?" डॉक्टर वैतागून पुन्हा उठले.

ताई पर्स आवरत होती. भांडायचं त्राण तिच्यातलं केव्हाच संपलं होतं.

"एकाएकी नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्या बाळाचे ठोके मोजणारं मशीनही आधी असंच वाजलं होतं. नर्सबाईंनी ते असंच बंद केलं. न बघता."

बटणाकडे गेलेला डॉक्टरांचा हात तिथंच थांबला.