स्लाइडची कड

"दिसलं ना? झालं समाधान?" लॅबवाल्या बाईंनी विचारलं, तेव्हा टेलर मास्तर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांच्या श्वासाने तो धुरकट झाला.

पडद्यावर जांभळे ठिपके होते. एकसारखे, विखुरलेले. मास्तरांच्या बायकोच्या गळ्यावरच्या गाठीत सुई घालून काढलेला नमुना त्या स्लाइडवर होता. त्याच गाठीच्या दुखण्याने बायको जाऊन दोन महिने झाले होते. जुनी स्लाइड कपाटातून काढून दाखवावी म्हणून त्यांनी चार खेपा घातल्या. शेवटी लॅबच्या साहेबांनी बाईंना सांगितलं, दाखवून टाका आणि वाटेला लावा.

बाईंनी सगळं रीतसर सांगितलं. स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावायची, कॅमेऱ्याने पाच फोटो काढायचे, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना पाठवायचे. ते फोटो बघून रिपोर्ट देतात. या स्लाइडचे पाचही फोटो त्यांनी उघडून दाखवले. रिपोर्टही दाखवला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही.

त्याच रिपोर्टच्या भरवशावर मास्तरांनी गाठ झाकेल अशा उंच कॉलरचे चार ब्लाउज बायकोला शिवून दिले होते.

हे फोटो स्लाइडवर कुठले, त्यांनी विचारलं. मधले, बाई म्हणाल्या. मध्ये थर पातळ असतो, फोटो स्वच्छ येतो.

"आणि कडेला?"

"कडेला गठ्ठा होतो. फोटो पुसट येतो. पुसट फोटो गेला की डॉक्टर आमची खरडपट्टी काढतात."

मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "चाळीस वर्षं शिवतोय, बाई. कापडाचं ठाण घेताना मी आधी कडा बघतो. मधलं कापड सगळेच दाखवतात. कड दाखवा."

बाई वैतागल्या. दिवसाला ऐंशी स्लाइड येतात, प्रत्येकीच्या कडा बघत बसलं तर घरी जायचं कधी, आणि आता बघून, गेलेलं माणूस परत येणार आहे का, असं त्या बोलून गेल्या. मास्तर जागचे हलले नाहीत.

बाईंनी स्लाइड सरकवली. पडदा काळपट झाला. "हे बघा. यातलं काय पाठवायचं?" असं म्हणता म्हणता त्यांनी सवयीने फोकसचं चाक फिरवलं. अर्धा फेरा. मग जरासं उलटं.

काळपट गठ्ठा उलगडला. मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. मास्तरांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी पडदा सोडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. कळायचं ते तिथे कळलं.

"फोटो काढा."

"काका, आता त्याचा काय..."

"काढा. तारीख आजची येऊ द्या. कड आज बघितली हे कळू दे."

सहावा फोटो निघाला. बाईंचा हात माउसवरून उठेना. बारा वर्षं इथे आहे, त्या पुटपुटल्या, कड बघ म्हणून कधी कुणी सांगितलं नाही.

"मी सांगतोय," मास्तर म्हणाले.

शेजारच्या ट्रेमध्ये त्या दिवशीच्या स्लाइड ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीचे पाच फोटो काढून झाले होते, पाठवायचे तेवढे बाकी होते. मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी बसले. ट्रेमधली पहिली स्लाइड चिमटीत उचलून त्यांनी बाईंपुढे धरली.

"आता ही लावा. कडेपासून."