गवती चहाची जुडी

शेफालीने सकाळी सकाळी पुन्हा गवती चहाची जुडी उकळायला टाकली आणि ॲन्टोनेटचा जीव खालीवर झाला. सुनेला चौथा महिना होता. गेल्या वर्षी याच महिन्यात गर्भ पडला होता, हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

आल्याचा चहा घे हवं तर, पण हे रोज तांब्याभर कशाला, असं तिने चाचरत विचारलं.

“माझी आई हाच करायची, मम्मी,” शेफाली कपाच्या वाफेवर तोंड धरून म्हणाली. ती पीत कमी आणि हुंगत जास्त होती.

 ॲन्टोनेटच्या लेकाशी, लॉयडशी लग्न केलं त्या दिवसापासून पोरीचं माहेर तुटलं होतं. बापाने घरादाराला शपथ घातली होती, तिचा फोनसुद्धा कुणी उचलत नसे. आईची आठवण कपात घालून पिणारीला नको तरी कसं म्हणायचं?

शेफाली ऑफिसला गेली आणि थोड्या वेळाने मासळीवाली आली. दादरच्या या ख्रिस्ती घरात शुक्रवारी मासळी हवीच. लॉयडच्या लग्नाच्या सुमारास जुनी मासळीवाली थकली, तेव्हापासून ही येई. हिचं नाव ॲन्टोनेटने कधी विचारलं नव्हतं. मासळी ताजी असली की नावाचं काय काम? बाई मात्र भारी चौकस. सून जेवते का, ओकते का, झोप लागते का, सगळं हिला हवं. बाळंतिणीच्या मालिशीवर डोळा असणार, असं ॲन्टोनेटने कधीच ताडलं होतं. पण रविवारी सून घरी असते, तेव्हाही येत जा म्हटलं, की बाई साफ नाही म्हणे.

आज ॲन्टोनेटने चहाचं गाऱ्हाणं तिच्यापुढेच मांडलं. मासळी कापणारा हात थांबला.

“तो चा खोकल्याला गो, बाय,” ती म्हणाली. “पोटुशीला रोज नको. सांग तिला, आईनं दिला तवा ती पोटुशी नव्हती.”

डॉक्टरला विचारल्याबिगर पाल्याचं पाणी पोटात जाऊ देऊ नको, असंही तिने बजावलं. न मागता चार मुडदुशा जास्त टाकल्या. बाळ पोटात असताना हलकी मासळी बरी, म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. आल्याचा एखादा कप चालेल, बाकी काढे विचारल्याशिवाय नकोत, आणि गवती चहा असा रोज तर नकोच. संध्याकाळी ॲन्टोनेटने सुनेला डॉक्टरांचं ऐकवलं आणि मासळीवालीचे शब्दही जसेच्या तसे ऐकवले. शेफालीने मासळीवालीचे शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग उठून तिने उरलेली जुडी केरात टाकली.

सातवा लागला. पाय सुजले म्हणून शेफालीने रजा घेतली. त्या शुक्रवारी बेल वाजली तेव्हा ॲन्टोनेट मासळीसाठी ताट काढत होती, म्हणून दार सुनेने उघडलं.

ॲन्टोनेट ताट घेऊन बाहेर आली, तर मासळीवाली पाटी डोक्यावर तशीच घेऊन उंबऱ्याबाहेर उभी. पदर तोंडावर ओढून ती परत जायला वळली होती.

“अगं, थांब की. हीच माझी सून,” ॲन्टोनेट कौतुकाने म्हणाली.

शेफालीने पुढे होऊन पाटीला हात लावला.

“आये,” ती म्हणाली, “तो चा मी सोडला गो.”